खालच्या खणातला कागद

४ सप्टेंबर

साडूभाऊ,

'सप्रेम' लिहायला हात अडखळतो. 'महोदय' लिहावं तर ही म्हणेल, घरच्या माणसाला पत्र लिहिताय की नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करताय? तेव्हा नुसता नमस्कार. मधल्या पाच वर्षांबद्दल मी काही लिहिणार नाही, तुम्हीही विचारू नका. पत्र कामाचं आहे.

तुम्ही संस्था सोडलीत त्यानंतर प्राणी विभागात कोणाला नेमलंच नाही. तुमच्या टेबलावर आता छपाईचं यंत्र बसवलंय. जंगलातल्या कुठल्याही केसाळ गोष्टीबद्दल विचारणा आली की साहेब म्हणतात, 'अळंबीवाल्यांकडे द्या, ते आहेतच बसलेले.' मी बसलेलोच आहे.

आता जंगलातला रस्ता रुंद होणार आहे. ओढ्याच्या उत्तरेच्या उतारावरून न्यायचा की दक्षिणेच्या, एवढंच ठरायचं बाकी आहे आणि ते तीस तारखेला समिती ठरवणार. उत्तरेला माझी गेरूटोपी अळंबी. दक्षिणेला तुमचा तो झुबकेदार शेपटीचा झुबक्या, म्हणजे तो तिथे आहे असं तुम्ही म्हणत होतात. समितीवर नव्या अध्यक्षबाई आल्या आहेत. त्यांनी जुनी फाईल उघडली आणि फर्मावलं की दोघांचा तुलना तक्ता द्या, एका पानात मावेल असा. डाव्या रकान्यात अळंबी, उजव्या रकान्यात प्राणी. दोन्ही रकाने मी भरायचे.

आज सकाळपासून तेच करतोय. वजन : ताजी गेरूटोपी चाळीस ग्रॅम, तुमचा झुबक्या बावीस. इथे मी जिंकलो. आयुष्य : तुमचा पाच वर्षं. माझी टोपी आठ दिवसांत कुजते, पण जमिनीखालचं तिचं जाळं माझ्या आजोबांपेक्षा जुनं असेल. आता कुठलं आयुष्य लिहायचं? तक्ता करणाऱ्याने हा विचार केलेला नाही.

सासूबाई असत्या तर त्यांनी पाच मिनिटांत भरून दिला असता. आपल्या दोघांची तुलना करण्यात त्यांनी हयात घालवली. पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायच्या, 'हे थोरले जावई, जंगलात दुर्मिळ प्राणी शोधतात. आणि हे धाकटे. यांचं बुरशीचं आहे.' यांचं बुरशीचं आहे, जणू मला पायाच्या बोटांत काही झालंय. तुम्ही हसायचात. मीही हसायचो, नाइलाजाने.

तर तुमच्या दक्षिण उताराच्या नोंदवह्या हव्या आहेत. निदान घरट्याच्या पेट्यांची वही तरी. आणि एक सहज विचारतो. त्या वर्षी तुम्ही झुबक्याच्या लेंड्या माझ्याकडे आणून दिल्यात, तेव्हा त्या ओल्या होत्या की कोरड्या? आठवत असेल तर लिहा. नसेल आठवत तरी काही बिघडत नाही.

ताईंना नमस्कार. ही बरी आहे.

तुमचा साडू


१२ सप्टेंबर

साडूभाऊ,

आठ दिवस झाले, उत्तर नाही. तुम्ही उत्तर द्यायला बांधील आहात असं माझं म्हणणं नाही. पण रोज सकाळी पोस्टाची पेटी उघडायला मी हिच्या आधी उतरतो, तर हिने विचारलं, 'कोणाच्या पत्राची वाट बघताय? पोटात कावळे ओरडत असल्यासारखे जिने उतरताय.' मी म्हटलं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांचं कॅटलॉग येणार आहे. भिंगांच्या कॅटलॉगसाठी कोणी चपला उलट्या घालून उतरत नाही, असं ती म्हणाली.

तक्ता जवळजवळ झाला. भरता भरता लक्षात आलं की हे दोघे फार वेगळे नाहीत. झुबक्या सहा महिने झोपतो, गेरूटोपी अकरा महिने दिसत नाही. दोघांचंही पोट त्याच ओक झाडांवर, हा वर फळं खातो, ती खाली मुळांना धरून असते. दोघांनाही लोकांनी पाहिलेलं नसतं आणि दोघांबद्दल सगळ्यांना मतं असतात. फरक इतकाच की झुबक्याला डोळे आहेत. डोळे असलेल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. तुमच्या झुबक्याचा आला होता, चार कॉलम, आणि खाली तुमचं नाव. सासूबाईंनी तो फ्रिजवर लावला होता. पुढे दोन वर्षं मी त्यांच्याकडे दुधाची पिशवी काढायला गेलो की तो माझ्याकडे बघायचा.

'दुसरीकडे हलवता येईल का?' असा एक रकाना आहे. झुबक्यासमोर मी आधी 'होय' लिहिलं होतं, पाय आहेत म्हणून. मग तुमचं जुनं टिपण सापडलं : पेटीसकट हलवलेला झुबक्या नव्या जागी खात नाही, नवव्या दिवशी मेला. 'होय' खोडलं. गेरूटोपीसमोर 'नाही' आहेच. ओक गेला की ती गेली.

एकच चौकोन राहिलाय. 'दक्षिण उतारावर झुबक्या : आहे / नाही / शंकास्पद.' नियमाप्रमाणे तिथे मी डोळे मिटून 'नाही' लिहायला हवं, कारण पाच वर्षांपूर्वीचा माझाच अहवाल तसं सांगतो. तुम्ही दक्षिणेच्या सहा पेट्यांतून लेंड्या आणल्यात. मी त्या तपासल्या. त्यांत गेरूटोपीचे बीजाणू सापडले, एखाददुसरे नाही, भरपूर. गेरूटोपी उगवते फक्त उत्तरेला. म्हणजे ज्याच्या लेंड्या होत्या तो उत्तरेला चरणारा, आणि त्या दक्षिणेच्या पेट्यांत कोणीतरी नेऊन ठेवलेल्या. 'कोणीतरी' असंच मी लिहिलं होतं. नाव लिहिलं नव्हतं. बाकीच्यांनी काय वाचायचं ते वाचलं, त्याला मी काय करणार?

एक मात्र आहे. त्या अहवालानंतर पाच वर्षं आम्ही उत्तर उतारावर झुबक्या शोधतोय. एक केस मिळाला नाही.

बाकी विशेष नाही. माझी खोली बदलतायत, सामान हलवणं चाललंय. वाळवणीचं कपाट धुवायला काढलं. खालच्या खणातला कागद जुना झाला होता, तो काढून टाकला.

वहीचं बघा.

साडू


१३ सप्टेंबर

साडूभाऊ,

कालच्या पत्रातलं खणातल्या कागदाचं वाक्य खोटं आहे. कागद टाकलेला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. आणि तो काल नाही, गेल्या महिन्याच्या शेवटी सापडला. पहिलं पत्र मी तो सापडल्यावरच लिहिलं होतं. लेंड्या ओल्या होत्या का, हे सहज विचारलं नव्हतं.

वाळवणीचं कपाट तुम्हाला माहीत आहे. खाली दिवा, वर जाळीचे दोन खण. वरच्या जाळीवर मी टोप्या वाळत घालतो. खालच्या जाळीवर पांढरा कागद असतो आणि त्यावर जे काही दुसरं वाळवायचं असेल ते. हा कागद तिथे पाच वर्षं होता, त्यावर दुसरे कागद येत गेले, म्हणून कधी दिसला नाही. आता काढला तर तो पांढरा नव्हता. त्यावर विटकरी धूळ बसली होती, बारीक, एकसारखी. आणि त्या धुळीत सहा स्वच्छ गोल होते. काचेच्या बशीच्या मापाचे. मी बशी ठेवून बघितली. सहाही गोलांत बरोबर बसते.

नवखा माणूस अळंबी शिकायला आला की आम्ही त्याला पहिल्या दिवशी काय शिकवतो? टोपी कापा, पात्या खाली करून कागदावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो, जसाच्या तसा. टोपीला कोणी हलवावं लागत नाही, वारा लागत नाही, ती आपोआप झडते. हे मी सव्वीस वर्षं शिकवतोय. आणि मीच तुमच्या ओल्या लेंड्यांच्या सहा उघड्या बशा गेरूटोप्यांच्या बरोबर खाली ठेवल्या. एक दिवस आणि एक रात्र त्या वरून झडत राहिल्या. मग मी त्या बशा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि तुम्हाला खोटं पाडलं.

दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

मला झोप येत नाही असं नाही, येते. पण दिवसा एका जागी बसवत नाही. खोलीत टेबलापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं आहेत. नोंदणीबाई शेजारच्या खोलीतून ओरडल्या, 'आत कोणी कवायत करतंय का?'

चूक झाली. चूक सगळ्यांच्या हातून होते. मी हे तुम्हाला कळवलं आहे. आता तुम्ही काय म्हणता ते कळवा.

साडू


२१ सप्टेंबर

साडूभाऊ,

तुमचं पार्सल मिळालं. आत चिठ्ठी शोधली, बाहेरचा कागद उलटासुलटा करून बघितला. चिठ्ठी नाही. फक्त कापसात गुंडाळलेली बुचाची बाटली, मेण लावून बंद केलेली, आणि तिच्यावर तुमच्या अक्षरात तारीख, 'पेटी क्र. ४' आणि 'वाळवलेली नाही'.

मेणावर भेग नव्हती. नोंदणीबाईंना साक्षीला बसवून बाटली उघडली, त्यांच्याच खोलीत, जिथे अळंबी कधी गेलेली नाही. चिमटा नवा, बशी नवी, पाणी नवं. हात तीनदा धुतले. दोन दिवस बघत होतो. ओकच्या फळाचा गर, कीटकांचे पाय, पंखांचे तुकडे, झाडाची साल. बीजाणू एकही नाही. नोंदणीबाईंनीही बघितलं. त्या म्हणाल्या, 'मला यातलं कळत नाही, पण तुमचा चेहरा उतरलाय एवढं कळतं.'

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही नमुना अर्धा करून ठेवलात, सील केलंत, आणि बरोबर हेच दोन शब्द वर लिहिलेत. म्हणजे मी बशा कुठे ठेवतोय ते तुम्ही त्या दिवशी बघितलं होतं. आणि बैठकीत मी उभा राहून बीजाणूंची आकडेवारी वाचत होतो, साहेब तुमच्याकडे बघत होते, तेव्हा तुम्ही टेबलावर पेन्सिल फिरवत गप्प बसलात. एवढी बाटली पुढे सरकवली असती तर माझं थोबाड तिथल्या तिथे बंद झालं असतं. का नाही सरकवलीत? मला तुमचा राग येतोय. हा राग यायचा मला हक्क नाही हे कळतं, पण येतोय.

साहेबांकडे गेलो. कागद दाखवला, बाटली दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं.

म्हणाले, "पाच वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरताय?"

"अहवाल चुकीचा आहे, साहेब."

"तो अहवाल संस्थेचा आहे. तुमचे साडू गेले, प्रकरण मिटलं. आता तुम्ही उठून सांगणार, आमचंच कपाट घाण होतं. उद्या आपल्या कुठल्या अहवालाला कोण विचारेल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि अहो, दक्षिणेला जनावर आहे असं ठरलं तर रस्ता उत्तरेला जाणार. तुमच्याच अळंबीवरून. तुम्हाला हे हवंय? 'शंकास्पद' लिहा. खोटंही नाही आणि कोणाचं काही बिघडतही नाही."

साडूभाऊ, मी तो शब्द पेन्सिलीने लिहून बघितला. चौकोनात छान बसतो.

उत्तर द्या. या वेळी बाटली नको, शब्द पाठवा.

साडू


२९ सप्टेंबर

साडूभाऊ,

तुमचं कार्ड आलं. एक ओळ. 'तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो.'

चार दिवस ते खिशात घेऊन फिरतोय. आधी वाटलं, हा कसला आडमुठेपणा. पाच वर्षं थांबायचं? नोकरी गेली, गाव सोडलं, बहिणी बहिणी तुटल्या, आणि हा माणूस थांबलाय. मग हळूहळू डोक्यात शिरलं. तुम्ही बोलला असतात तर ते स्वतःला वाचवणं झालं असतं. मी विचारलं असतं, 'साडूभाऊ, हे कसं काय?' तर ते घरचं झालं असतं. त्या दिवशी मी संध्याकाळी तुमच्या घरी येऊन हा एक प्रश्न विचारायला हवा होता. सात मिनिटांचं चालणं होतं. मी विचारलं नाही आणि थेट अहवाल लिहिला.

का नाही विचारलं, ते आता सांगतो. तेराव्या तारखेच्या पत्रात मी 'चूक झाली' असं लिहिलं. ते अर्धंच आहे.

त्या दिवशी सकाळी कपाट उघडलं आणि बशा बाहेर काढल्या, तेव्हा बशीच्या काठावर विटकरी धूळ होती. मी बघितली. ती कसली आहे हे मला कळायला किती वेळ लागणार? माझ्या हयातीत मी दुसरं केलंय काय? मी बोटाने काठ पुसला. सहाही बशांचे काठ पुसले, बोट कोटाला पुसलं आणि बशा सूक्ष्मदर्शकाखाली नेल्या. स्वतःशी म्हटलं, काठावर आली असेल, आत थोडीच गेली असणार. त्या क्षणी मला खात्री नव्हती, हे खरं. खात्री करून घ्यायची नव्हती, हे जास्त खरं.

मला तुम्ही खोटे ठरायला हवे होतात. फ्रिजवरच्या त्या फोटोमुळे असेल, 'यांचं बुरशीचं आहे'मुळे असेल. इतकी क्षुल्लक गोष्ट लिहायला लाज वाटते. याहून मोठं कारण शोधायचा मी बराच प्रयत्न केला, पण दुसरं कारण नाही.

पंचवीस तारखेला मी दक्षिण उतारावर गेलो. एकटाच. तुमच्या सहा पेट्यांपैकी तीन पडल्यात, एकीत पाणी साचलंय. क्रमांक चारचं झाकण घट्ट बसलं होतं, नखं घालून उघडलं. आत सालीच्या धाग्यांचा गोळा होता. मी बोटाने बाजूला केला. तो आत होता. भरदिवसा शेपटी नाकावर घेऊन झोपला होता, जेवून आडव्या झालेल्या जावयासारखा. शेपटीच्या टोकाचा झुबका श्वासाबरोबर हलत होता. मग त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. मी त्याच्या खिजगणतीत नव्हतो.

साडूभाऊ, मी झुबक्या आयुष्यात पहिल्यांदा बघितला. ज्याच्यावर इतकी वर्षं जळत होतो, त्याला मी कधी समोरासमोर बघितलंच नव्हतं. झाकण लावलं आणि बराच वेळ त्या झाडाखाली उभा राहिलो. मला कोणी बघितलेलं नाही. त्या पेटीत काय आहे हे आज जगात मलाच माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

आणि हिला. काल सांगितलं. ही भाजी चिरत होती. सगळं ऐकून घेतलं, धुळीचंही. सुरी खाली ठेवली.

"आईच्या शेवटच्या आठवड्यात ताई जिन्यापर्यंत येऊन परत गेली," ती म्हणाली. "तुम्ही आत होतात म्हणून. आई विचारत होती, थोरली का नाही आली. हे तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं?"

तिने हात धुतले आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. ताईंशीच बोलत असणार, कारण दोन तास बाहेर आली नाही. भाजी मी चिरली.

उद्या समिती आहे. तक्ता टेबलावर आहे, चौकोनात अजून पेन्सिलीचा शब्द आहे. दुपारपासून दोनदा उत्तर उतारावर जाऊन आलो. पालापाचोळा बाजूला करून बघितलं, पहिल्या टोप्या वर यायला लागल्या आहेत. बटणाएवढ्या.

साडू


३ ऑक्टोबर

साडूभाऊ,

'आहे' असं लिहिलं. पेनने.

सगळं सविस्तर सांगत नाही, तुमच्यापर्यंत बातमी ताईंकडून आधीच आली असेल. कागद टेबलावर उलगडला आणि सहा गोलांवर सहा बशा ठेवून दाखवल्या. बाटलीचं सांगितलं, पेटी क्रमांक चारचं सांगितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याचे इंजिनिअर म्हणाले, "म्हणजे त्या वेळी कपाटामुळे नकळत चूक झाली, असं लिहून घेऊ या."

तिथे थांबता आलं असतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, बाबा, इथेच थांब.

मी म्हटलं, "नकळत लिहू नका. धूळ मला दिसली होती. मी पुसली."

मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, अजूनही समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बघतात.

"तुम्हाला कळतंय ना, की आता रस्ता उत्तरेने जाईल?"

"हो."

"मग तुमच्या अळंबीचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी येताना तयार केलं होतं, चांगलं चार वाक्यांचं. ते तोंडातून आलंच नाही. म्हटलं, "ती जाईल. तिच्या रकान्यात मी काही खोटं लिहिलेलं नाही, प्राण्याच्या रकान्यातही आता नाही. तुम्हाला तुलना हवी होती, ही घ्या."

निर्णय वीस मिनिटांत झाला. दक्षिण उतार राखीव, रस्ता उत्तरेने, झाडं महिनाअखेर पाडायची. तुमच्यावरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र संस्था पाठवेल. साहेबांनी मसुदा मला दाखवला, त्यात 'गैरसमज' असा शब्द होता. तो मी काढायला लावला. अळंबीसंग्रहाची किल्ली नोंदणीबाईंकडे दिली. चौकशी होईपर्यंत मी घरी. किल्ली घेताना त्या म्हणाल्या, "कपाटाचं कसं वापरायचं ते लिहून ठेवा." मी एकच ओळ लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली : टोप्यांच्या खाली काहीही ठेवू नये.

घरी आलो तर हिची बॅग दारात होती. 'आठ दिवस ताईकडे जाते,' म्हणाली. बसपर्यंत सोडायला गेलो. बस निघताना काच खाली करून म्हणाली, 'कोट धुवायला टाका. पाच वर्षं तोच घालताय.'

साडू


२६ ऑक्टोबर

साडूभाऊ,

आठ दिवसांचे तेवीस झाले. ही तुमच्याकडे कशी आहे, जेवते का, ताईंशी भांडते का, हे मी विचारणार नाही. भांडत असतील तर बरंच आहे, पाच वर्षांचं राहिलंय. ती परत कधी येणार हेही तिला विचारू नका. फक्त सांगा की कोट धुतला. बाहीला विटकरी डाग होता तो गेला नाही.

संस्थेचं पत्र तुम्हाला मिळालं असं नोंदणीबाईंकडून कळलं, आणि तुम्ही परत यायला होकार दिलात हेही. तुमच्या टेबलावरचं छपाईचं यंत्र हलवलंय. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा लागेल. पेटी क्रमांक चारकडे मी पुन्हा गेलेलो नाही, त्याची झोपायची वेळ झाली आहे. पडलेल्या तीन पेट्या मात्र दुरुस्त करून घरी ठेवल्या आहेत. आलात की घेऊन जा. दारातून घेतल्यात तरी चालेल, आत आलात तर चहा टाकतो.

परवा शेवटचा उत्तर उतारावर गेलो होतो. झाडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्यात. यंत्रं खाली ओढ्यापाशी उभी आहेत, सोमवारी वर येतील. या वर्षी गेरूटोपी कधी नव्हे इतकी आलीय. झाडाझाडाच्या बुंध्याशी गोल करून, पालापाचोळा उचलून धरलाय नुसता. काय कळतं तिला, काही कळत नाही. मी खाली बसलो आणि रडलो. सव्वीस वर्षं या उतारावर येतोय, इथे बसून डबा खाल्लाय, इथे हिला पहिल्यांदा आणलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती की वास ओल्या गोणपाटासारखा येतो. ते सगळं सोमवारी डांबराखाली जाईल, आणि ते मी माझ्या हाताने लिहून दिलं. दुसरं काही लिहिता आलं नसतं, हे माहीत आहे. तरी छातीत दुखतं ते दुखतंच.

एक टोपी घरी आणली. सगळ्यांत मोठी, बशीएवढी. आणखी एक कागद या पत्राबरोबर आहे, तो जपून उघडा, झटकू नका. काल सकाळी त्यावर मधोमध एक छोटं भिंग ठेवलं, वर टोपी ठेवली आणि आज संध्याकाळी उचलली. ठसा चांगला उमटलाय, पात्या मोजता येतील इतका. तुमच्या गावामागच्या टेकडीवर ओक आहेत असं ताईंनी हिला फोनवर सांगितलं होतं. इकडे यायला निघण्यापूर्वी वेळ मिळाला तर कागद तिथे एखाद्या जुन्या झाडाच्या मुळाशी नेऊन झटका. उगवणार नाही, शंभरात नव्व्याण्णव वेळा उगवत नाही. पण हे काम मला दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही.

मधला गोल कोरा आहे, तिथे भिंग होतं. त्याच्या काठावर धूळ जास्त जमलीय आणि जरा वेडीवाकडी दिसते. या वेळी मी ती पुसलेली नाही.

तुमचा,
धाकटा साडू